मैदानावरचे प्रश्न

पावसाळा ओसरला की या सदराकडे क्रीडाशिक्षकांची पत्रे वाढतात. मैदानाची आखणी, दुखापती, कागदपत्रे हे विषय नेहमीचे. अलीकडे निवृत्तीला आलेल्या शिक्षकांचीही पत्रे येऊ लागली आहेत. त्यांतल्या निवडक पत्रांची ही उत्तरे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच सांगण्यावरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी ही पहिलीच नोकरी. शाळेचे मैदान साधारण 100 बाय 60 मीटर आहे. डिसेंबरमधल्या वार्षिक स्पर्धांसाठी 200 मीटरचा ट्रॅक आखायचा आहे. गेल्या वर्षी बाहेरच्या पट्टीतला मुलगाच दरवेळी पहिला यायचा, असे शिपाईकाका सांगतात. नेमके कुठे चुकले असेल?
– नवीन क्रीडाशिक्षिका, धाराशिव जिल्हा

उत्तर : शिपाईकाकांचे निरीक्षण मोलाचे आहे. बाहेरचाच मुलगा सारखा जिंकत असेल तर त्याला पुढे उभे करण्याचे अंतर, म्हणजे स्टॅगर, चुकले आहे. आधी ट्रॅक आखू, मग स्टॅगरकडे येऊ.

तुमच्या मैदानात 40 मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळे असा ट्रॅक बसतो. सरळ बाजूंचे 80 मीटर झाले, उरलेले 120 मीटर दोन वळणांत बसवायचे. 120 ला 6.283 ने (म्हणजे दोन पायने) भागले की 19.10 मीटर येतात. ही धावण्याच्या रेषेची त्रिज्या, आखायच्या रेषेची नव्हे. शाळेच्या मैदानावर ट्रॅकच्या आतल्या कडेला उंचवटा नसतो, नुसती फक्कीची रेघ असते. अशा वेळी अंतर रेघेपासून 20 सेंटिमीटर बाहेर मोजतात. म्हणून आतली रेघ 18.90 मीटर त्रिज्येने मारायची. पट्टीची रुंदी 1.22 मीटर. सहा पट्ट्या केल्या की सगळ्यांत बाहेरची त्रिज्या 26.22 मीटर होते. ट्रॅकची एकूण लांबी 92.44 आणि रुंदी 52.44 मीटर भरते, म्हणजे चारही बाजूंना पावणेचार मीटरच्या आसपास जागा उरते. सात पट्ट्यांचा मोह धरू नका, मुले कुंपणावर जातील.

मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने सुतळी ताणा. तिच्यावर 40 मीटर अंतराने दोन लोखंडी गज ठोका. हे दोन केंद्रबिंदू. प्रत्येक गजापाशी काटकोन काढायचा, त्यासाठी 3-4-5 चा त्रिकोण सगळ्यांना माहीत असतो. मोठ्या मैदानावर 6-8-10 मीटर घ्या, चूक निम्म्याने कमी होते. काटकोनावर दोन्ही बाजूंना 18.90 मीटर मोजून चार खुंट्या ठोका. आता 40 बाय 37.80 मीटरचा आयत तयार झाला. त्याचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 55.03 मीटर आले तरच पुढे जा. कर्णांत दहा सेंटिमीटरचाही फरक असेल तर काटकोन पुन्हा काढा. वेळ वाचवायला ही तपासणी गाळली की तोच घोळ दुपारी उन्हात निस्तरावा लागतो.

अर्धवर्तुळ नायलॉनच्या दोरीने काढू नका. ती ताणते, आणि ओढणारा बदलला की ताणही बदलतो. स्टीलची टेप किंवा न ताणणारी तार वापरा. गजाभोवती तिचा वेढा पडू देऊ नका, टोकाला सैल कडी ठेवा. वेढा पडला की दर फेरीला त्रिज्या कमी होत जाते. सात रेघांची मिळून लांबी साडेपंधराशे मीटरच्या घरात जाते. तेव्हा डब्याने फक्की टाकण्याचा हट्ट नको, शेजारच्या शाळेकडून फक्कीची गाडी मागून आणा.

आता स्टॅगर. पुष्कळ जणांच्या डोक्यात 7.04 हा आकडा पक्का बसलेला असतो. तो उंचवट्याची कडा असलेल्या ट्रॅकचा आहे. तिथे पहिली पट्टी कडेपासून 30 सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या 20 सेंटिमीटरवर. तुमच्याकडे सगळ्याच पट्ट्या 20 वर मोजल्या जातात, म्हणून एका पूर्ण फेरीला दर पट्टीमागे 7.67 मीटर पुढे जायचे. दुसऱ्या पट्टीला 7.67, तिसरीला 15.33, चौथीला 23.00, पाचवीला 30.66 आणि सहावीला 38.33. चारशेची शर्यत दोन्ही फेऱ्या आपापल्या पट्टीत पळवणार असाल तर हे आकडे दुप्पट करा.

गेल्या वर्षीची चूक मात्र बहुधा मोजण्याच्या पद्धतीत असावी. हे अंतर वळणावर, त्या त्या पट्टीच्या आतल्या रेघेपासून 20 सेंटिमीटर बाहेर, वक्र रेषेनेच मोजायचे असते. टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ताणली की ती वळण कापून जाते. सहाव्या पट्टीत 38.33 मीटर असे सरळ मोजले तर तो मुलगा पाच मीटरहून अधिक पुढे उभा राहतो. मग तो जिंकणारच! दर मीटरभरावर खुंटी ठोकून तिच्या बाहेरून टेप फिरवा, किंवा मोजणीचे चाक मिळाले तर उत्तम.

अंतिम रेषा सरळ बाजूच्या शेवटी, वळण सुरू होते तिथे ठेवा. शंभर मीटरची सरळ शर्यत या मैदानावर घेऊ नका. अंतिम रेषेपुढे थांबायला निदान 15 मीटर मोकळी जागा हवी, भिंतीजवळ संपणाऱ्या शर्यतीत मनगटे मोडतात. सरळ बाजू दोन्हीकडे वाढवून 60 मीटरची शर्यत नीट बसते.

प्रश्न : आखणी करताना एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात फक्की गेली. डॉक्टरांनी वेळेवर आणल्याबद्दल बरे म्हटले, पण आम्ही धास्तावलो आहोत.
– मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

उत्तर : दुकानात ‘फक्की’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक खडूसारखी पांढरी भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती डोळ्याला खुपते पण भाजत नाही. दुसरी चुन्याची. कळीचा चुना असो की विरवलेला, तो अल्कली आहे आणि बुबुळ भाजू शकतो. घेताना चिमूटभर भुकटी काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकून पाहा. पाणी गरम झाले तर तो कळीचा चुना. पाणी गरम झाले नाही तरी विरवलेला चुना असू शकतो, म्हणून पोत्यावर काय छापले आहे ते वाचल्याशिवाय आणि बिलावर नाव लिहून घेतल्याशिवाय पोते उचलू नका.

डोळ्यात गेलाच तर तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याची धार धरायची, पापण्या बोटांनी उघडून, निदान पंधरा-वीस मिनिटे. आधी धुणे, मग रिक्षा. डोळा चोळू द्यायचा नाही, त्यात तूप किंवा गुलाबपाणी घालायचे नाही. आणि आखणीच्या कामाला पाचवी-सहावीची मुले लावायचीच नाहीत. वारा पाठीशी घेऊन मोठ्या माणसाने करायचे हे काम आहे.

प्रश्न : मुलींच्या कबड्डीचे मैदान 12 बाय 8 आखून वर दोन्हीकडे एकेक मीटरचे राखीव क्षेत्र घेतले. पंचांनी चूक म्हटले.
– क्रीडाशिक्षक, रायगड जिल्हा

उत्तर : पंचांचे बरोबर आहे. राखीव क्षेत्र मापाच्या आत असते. 12 बाय 8 मध्ये झटापट होईपर्यंत खेळायची रुंदी 6 मीटरच. पुरुषांच्या 13 बाय 10 मध्ये ती 8 मीटर. निदान रेषा मध्यरेषेपासून मुलींना 3 मीटरवर, पुरुषांना 3.75 मीटरवर; बोनस रेषा तिच्या मागे एक मीटर. कर्ण तपासायचे आकडे : 12 बाय 8 ला 14.42 मीटर, 13 बाय 10 ला 16.40. मैदान काळ्या मातीचे असेल तर वर मुरूम-मातीचा थर द्या, आदल्या संध्याकाळी पाणी मारा आणि सकाळी रोलर फिरवा. वाळलेल्या काळ्या मातीच्या भेगेत घोटा अडकतो.

प्रश्न : आमचा मुलींचा खो-खो संघ पळायला चपळ आहे. तालुक्याला पहिल्या डावात आघाडी घेतो, दुसऱ्या डावात ढेपाळतो. रोज दोन तास सराव होतो. आणखी वाढवावा का?
– प्रशिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : सराव वाढवू नका, मोजा. दोन तास सराव म्हणजे प्रत्येक मुलगी प्रत्यक्षात किती पळते? संघाचे नऊ जण आळीपाळीने पाठलाग करतात, त्यांतले आठ बसलेले. एका मुलीच्या वाट्याला दोन तासांत दहा-बारा मिनिटांचेही धावणे आले नसेल, आणि डाव संपता संपता दमछाक होते ती त्यामुळेच.

पहिल्या आठवड्यात एक वही घाला. प्रत्येक संरक्षक किती सेकंद टिकली आणि ती बाद होईपर्यंत समोरच्यांना किती खो द्यावे लागले, एवढेच दोन रकाने. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होते. कुणी एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळताना, बराच वेळ टिकते, पण पाठलाग करणाऱ्याने दिशा धरली की खांबाजवळ सापडते. कुणी रिंगण, म्हणजे बसलेल्यांभोवती गोल पळणे, सुंदर करते पण चाळीस सेकंदांनंतर तिची वळणे मोठी होतात. दुसरीला दम हवा, पहिलीला खांबाजवळची हुलकावणी. दोघींना एकच सराव दिला तर दोघींचेही नुकसान.

दम वाढवायला मैदानाभोवती दहा फेऱ्या मारणे हा जुना उपाय, आणि खो-खोला तो फारसा उपयोगी नाही. खो-खोतले धावणे तुटक असते. वेग, वळण, थांबा, पुन्हा वेग. म्हणून 40 सेकंद संरक्षण आणि 80 सेकंद विश्रांती अशी सहा आवर्तने घ्या, मग चार मिनिटे बसवा, आणि पुन्हा सहा. तिसऱ्या आठवड्यात विश्रांती 60 सेकंदांवर आणा. आठवड्यातून तीनदा पुरे. स्पर्धेआधी एक दिवस पूर्ण बंद.

पाठलागात बहुतेक शाळांचे संघ खो देण्यातच वेळ घालवतात. बसलेल्या मुलीचे टाच-चवडे पाहा. एक पाय पुढे, चवडा जमिनीत रुतलेला, हात जमिनीवर टेकलेले, तर ती खो मिळताच उसळते. मांडी घातल्यासारखी बसली तर तिथेच अर्धा सेकंद गेला. स्पर्श आणि ‘खो’ हा शब्द एकाच वेळी यायला हवा. शब्द आधी आणि हात नंतर आला की फाउल, आणि पंचांची शिट्टी वाजली की लय मोडते. रोजच्या सरावात पहिली दहा मिनिटे बाकी काही नको, आठही चौरसांवरून नुसते खो द्यायचे आणि उठायचे. सूर मारणे शेवटी, तेही भुसभुशीत मातीवर. खांब 120 ते 125 सेंटिमीटर उंच, गुळगुळीत आणि हलत नाही ना, हे दर सोमवारी हात फिरवून पाहा. कुसळ निघालेल्या लाकडाने तळहात फाटतो.

मैदान 27 बाय 16 चे, कर्ण 31.38. अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगमध्ये कुठल्याही दिशेने पळणारा ‘वझीर’ पाहून मुली त्याची नक्कल करतात. शालेय स्पर्धेत वझीर नसतो, हे त्यांना आधीच सांगा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले. तुमच्या मुलींना त्या सामन्यांची चित्रफीत दाखवायची असेल तर आवाज बंद करून दाखवा. समालोचन चालू असले की पायांकडे कुणी पाहत नाही.

प्रश्न : माझा 13 वर्षांचा मुलगा फुटबॉल खेळतो. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा आला आहे, जिना चढताना दुखते. सर म्हणतात विश्रांती घे, तो ऐकत नाही.
– एक आई, ठाणे

उत्तर : उंची झपाट्याने वाढत असताना मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याखालच्या कोवळ्या हाडाला ओढतो आणि तिथे सूज येते. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. उड्या, किका आणि धावणे यांनी वाढते. बहुतेक मुलांत वाढ पूर्ण झाली की थांबते, उंचवटा मात्र राहू शकतो. एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून खात्री करून घ्या, विशेषतः दुखणे रात्री झोपेतून उठवत असेल, एकाच बाजूचा पाय लंगडत असेल किंवा ताप असेल तर.

पूर्ण बंदी बहुधा लागत नाही. खेळताना दुखणे दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरत असेल तर खेळू द्या, पण आठवड्यातले दिवस कमी करा. त्यापेक्षा वाढले तर उड्या व किका बंद, पोहणे किंवा सायकल चालेल. खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे. मांडीच्या पुढच्या स्नायूला ताण देण्याचा व्यायाम रोज, झटके न देता. मुलगा ऐकत नसेल तर सरांना त्याची दर महिन्याची उंची मोजायला सांगा. वाढीचा आकडा स्वतः पाहिला की मुलांना कारण पटते.

प्रश्न : विदर्भात उन्हाळी शिबिर घेतो. मुले भोवळ येऊन पडतात. इलेक्ट्रॉलचे पाणी देतो, तेवढे पुरे का?
– प्रशिक्षक, अमरावती जिल्हा

उत्तर : नाही. शिबिर सकाळी साडेपाचला सुरू करून साडेसातला संपवा आणि संध्याकाळी सहानंतर पुन्हा घ्या. पाणी तहान लागेपर्यंत थांबवू नका. दर वीस मिनिटांनी शिट्टी, आणि प्रत्येकाने निदान एक छोटा ग्लास घ्यायचा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मिठाचे प्रमाण अंदाजाने वाढवू नका.

भोवळ येऊन पडलेला मुलगा बोलतो आहे, घाम आहे, तर सावलीत आडवा करा, पाय उंच ठेवा, पाणी द्या. पण तो बरळत असेल, ओळखत नसेल, झटके येत असतील, अंग भट्टीसारखे तापले असेल तर तो उष्माघात. घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नका; खेळाडूंना घाम फुटलेला असतानाही तो होतो. अशा वेळी 108 ला फोन एकाने करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी त्याला गार करायचे. सर्वांत उत्तम म्हणजे पाण्याच्या टाकीत किंवा मोठ्या पातेल्यात गळ्यापर्यंत बसवून डोके धरून ठेवणे. ते नसेल तर अंगावर सतत पाणी ओतत वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ. तोंडात पाणी घालू नका, गिळता येत नसते. गाडीत घालून निघण्याची घाई करू नका, आधी गार करणे हाच उपचार.

प्रश्न : आमच्या वर्गात साठ मुले, तास 35 मिनिटांचा. कपाटात दोन व्हॉलिबॉल, एक फुटबॉल. व्यवस्थापन यंदा थोडी रक्कम देणार आहे. संघासाठी चांगले बूट घेऊ की साहित्य?
– क्रीडाशिक्षक, नांदेड जिल्हा

उत्तर : साहित्य. बाराजणांचा संघ जिल्ह्याला गेला की फोटो छापून येतो आणि तीच शाळेची खेळातली प्रगती मानली जाते, पण उरलेल्या मुलांच्या हाती वर्षभर काय लागले ते कुणी विचारत नाही. साठ मुलांत एक चेंडू फेकलात तर दहा जण खेळतात, वीस मागून धावतात आणि तीस कट्ट्यावर बसतात. वीस-पंचवीस वर्षे नोकरी झाली की ही तीस मुले नजरेसच पडेनाशी होतात.

दहाजणांचे सहा गट करा. मैदानावर सहा जागा : दोरीउड्या, लंगडी, चेंडू झेलणे-फेकणे, दहा मीटरची ये-जा धाव, जागेवरून लांब उडी, खो देणे. प्रत्येक जागी चार मिनिटे, शिट्टी झाली की अर्ध्या मिनिटात पुढच्या जागी. सहा जागांचे मिळून साडेसव्वीस मिनिटे होतात. वर्गातून बाहेर यायला आणि हजेरीला पाच मिनिटे, हात धुऊन परतायला उरलेली. लंगडीत बाद झालेल्याला बाजूला बसवू नका, मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात लगेच नवा डाव सुरू करून द्या. नाहीतर ज्याला सर्वांत जास्त सराव हवा तोच सर्वांत कमी खेळतो.

त्यासाठी लागते ते असे : दहा दोऱ्या (मधोमध पाय ठेवला की मुठी काखेपर्यंत याव्यात, त्याहून लांब दोरी अडकते), दहा मऊ रबरी चेंडू, बारा-पंधरा शंकू, दोन स्टॉपवॉच, तीस मीटरची एक टेप, दोन शिट्ट्या. शंकूंऐवजी वाळू भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालतात. मग उरलेल्या रकमेत दोन व्हॉलिबॉल, एक पंप, चार सुया. सुई ओली केल्याशिवाय चेंडूत घालू नका, आतला फुगा फाटतो. हवा जपून भरा, व्हॉलिबॉलला 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दगडासारखा टणक चेंडू लहान मुलांच्या बोटांची पेरे सुजवतो, आणि मग त्यांना खेळाचीच भीती बसते.

प्रश्न : 14 वर्षांखालील गटासाठी मुलाची जन्मतारीख 31 डिसेंबर 2011. यंदा चालेल ना? एक दिवसाचाच प्रश्न आहे.
– पालक, नाशिक

उत्तर : 2025-26 च्या शालेय स्पर्धांत चालणार नाही. 31 डिसेंबरला त्याला 14 पूर्ण होतात. या वर्षासाठी 1 जानेवारी 2012 किंवा नंतरचा जन्म हवा. 17 वर्षांखालील गटाला 1 जानेवारी 2009, 19 ला 1 जानेवारी 2007. दरवर्षी सन एकाने पुढे सरकते. त्याला 17 च्या गटात खेळवा. दाखल्यावर तारीख बदलून देतो म्हणणारे भेटतील, पण शाळेचे जनरल रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला जुळत नसतील तर विभागावर संपूर्ण संघ बाद होतो, आणि त्यात इतर अकरा मुलांचे वर्ष जाते.

प्रश्न : क्रीडा दिन 29 ऑगस्टला की 15 जानेवारीला?
– विद्यार्थिनी, कराड

उत्तर : दोन्ही. 29 ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन. 15 जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन. खाशाबा तुमच्याच कराडजवळच्या गोळेश्वरचे, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले कांस्यपदक विजेते. भाषणे लवकर आटोपून शाळेने त्या दिवशी सगळ्यांची 600 मीटर धाव घेतली तर फार बरे.

प्रश्न : मुलींचा संघ घेऊन विभागीय स्पर्धेला परगावी जायचे आहे. शाळेत क्रीडाशिक्षिका नाही. कोणती काळजी घ्यावी?
– क्रीडाशिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : महिला शिक्षिका सोबत असल्याशिवाय निघू नका, मग ती गणिताची असो की चित्रकलेची. प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र, त्यावर दोन फोन क्रमांक, रक्तगट, चालू औषधे. मुक्कामाच्या खोलीची कडी आतून लागते का, स्वच्छतागृह कुठे आहे, हे मुली येण्याआधी शिक्षिकेने पाहावे. मुलीशी एकट्याने बंद खोलीत बोलायचे नाही. रागवायचे असले तरी मैदानावर, इतरांना दिसेल असे. मालिश, पट्टी बांधणे हे शिक्षिकेने किंवा दुसऱ्या मुलीने करावे. मुलींशी फोनवरचे बोलणे पालकही असलेल्या गटातच.

पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही हे मुलीने ठरवायचे, प्रशिक्षकाने नव्हे. प्रथमोपचार पेटीत पॅड ठेवा आणि त्या पेटीतून न विचारता घेता येईल असे सांगून ठेवा. एखादी मुलगी कुणाच्या गैरवर्तनाबद्दल बोलली, तर ‘शाळेची बदनामी’ हा विचार मनात येण्याआधी कायदा आठवा. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. आधी आपण चौकशी करू, असे म्हणायची मुभा त्यात नाही.

प्रश्न : मुलाला खेळात करिअर करायचे आहे. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करावे की पतियाळाचा अभ्यासक्रम?
– वडील, कोल्हापूर

उत्तर : शाळेत शिक्षक व्हायचे असेल तर बी.पी.एड.; पदवीनंतर दोन वर्षे, चार सत्रे. प्रवेशाला लेखी सीईटीबरोबर मैदानी चाचणीही असते. एकाच खेळाचा प्रशिक्षक व्हायचे असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. ती 1961 पासून प्रशिक्षक घडवते आहे. शाळेतली नोकरी करणाऱ्याला परिपाठ, ऑफ तास, परीक्षेचे पर्यवेक्षण, निवडणुकीचे काम हे सगळे असते, आणि खेळ त्यातून उरलेल्या वेळेत. मुलाला हे आधी एखाद्या शाळेत आठवडाभर बसवून दाखवा.

प्रश्न : एकतीस वर्षे झाली, दोन वर्षांनी 58 पूर्ण होतील. आवाज बसलेला असतो, गुडघे बोलतात. जाण्यापूर्वी पुढच्या माणसासाठी काय ठेवावे?
– क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : आवाजाचे आधी पाहा. तीन आठवड्यांहून अधिक घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जा, स्वरतंतूंवर गाठी असू शकतात. उरलेल्या दोन वर्षांत ओरडणे बंद करा. एक लांब शिट्टी थांबा, दोन छोट्या जागा बदला, तीन छोट्या माझ्याकडे या. पंधरा दिवसांत मुले शिकतात. शिट्टी मुलांच्या कानाजवळ फुंकू नका, आणि स्वतःच्या कानांचीही एकदा तपासणी करून घ्या. उन्हात रुंद काठाची टोपी आणि गॉगल. गुडघ्यांसाठी प्रात्यक्षिके नववीच्या चांगल्या मुलांकडून करून घ्या, तुम्ही बाजूने दुरुस्त करा.

पुढच्या माणसासाठी चषकांच्या यादीहून मोलाची असते ती वही. पाचवीपासून प्रत्येक मुलाची दर जूनमधली उंची, वजन, 50 मीटर आणि 600 मीटरच्या वेळा. पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी आले की कोण उशिरा वाढणारे आहे ते कळते. आठवीत बुटके म्हणून वगळलेले मूल दहावीत संघाचा कणा ठरते, आणि अशी मुले वहीशिवाय सापडत नाहीत. दुसरी वही दुखापतींची : तारीख, जागा, काय करताना. तीन मुलांचे घोटे एकाच कोपऱ्यात मुरगळले असतील तर दोष त्या कोपऱ्याचा आहे. तिसरी साहित्याची; कोणते साहित्य किती वर्षे टिकले आणि कशाने मोडले.

चौथ्या वहीत मैदानाचा नकाशा काढा. पावसाचे पाणी कुठे साचते, कुठला नळ एप्रिलमध्ये आटतो, खो-खोच्या खांबांचे खड्डे किती खोल आहेत. ट्रॅकच्या केंद्रांचे दोन गज जमिनीच्या खाली बोटभर पुरून ठेवा आणि ध्वजस्तंभ व विहिरीचा कठडा यांच्यापासून त्यांची अंतरे नकाशाच्या पहिल्याच पानावर मीटर-सेंटिमीटरमध्ये लिहा, म्हणजे नव्या शिक्षकाला डिसेंबरमध्ये काटकोनापासून सुरुवात करावी लागणार नाही.